जाळ्यांतील सांधेवाला

बपेरा हें गांव भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशाच्या शिवेजवळ वसलेलें आहे. तुमसरहून सिहोऱ्यावरून निघालेली सडक येथपर्यंत येते, बावनथडी नदी ओलांडते आणि बालाघाटाकडे निघून जाते. चोहोंकडे धानाच्या बांध्या, मधून मधून जुने मालगुजारी तलाव, आणि त्या तलावांचें पाणी कोणाच्या बांधींत केव्हां सोडावयाचें याचे पिढीजात संकेत, असा हा मुलूख. अशा गांवांत आज धान विकणें हें केवळ गाडीचें आणि काट्याचें काम राहिलेलें नाहीं. आधारभूत किमतीनें धान विकावयाचें तर त्याची नोंदणी आधीं संगणकावर व्हावी लागते. नोंदणीला मुदत असते. नोंदणीसाठीं सातबाऱ्याचा उतारा लागतो, आणि तोहि आतां संगणकावरूनच निघतो. मुदत संपावयाला दोन दिवस उरले असतां ग्रामपंचायतीच्या खोलींतील पडद्यावर ‘जोडणी नाहीं’ एवढींच अक्षरें दिसूं लागलीं, तर दाराबाहेर कागद घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें तो कांहीं विज्ञानाचा प्रश्न नसतो. तो त्याच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो.

येथें बपेऱ्याचें नांव उदाहरणादाखल घेतलें आहे. तेथें जें घडूं शकतें तें जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या कोणत्याहि गांवीं घडूं शकतें; आणि पुण्यामुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांतहि तेंच घडतें, फक्त तेथें दुरुस्ती करणारा माणूस वरच्या मजल्यावर बसलेला असतो इतकेंच.

अशा वेळीं दोष कोठें आहे हें शोधणें हें अर्धें काम असतें, किंबहुना अर्ध्याहून अधिक. संगणक बिघडला असेल, भिंतीवरची तार घुशीनें कुरतडली असेल, शेतांच्या कडेनें पुरलेला कांचेचा तंतु नांगराखालीं किंवा सडकेच्या खोदाईंत सांपडला असेल, किंवा तुमसरच्या पलीकडे कोठें तरी वीज गेली असेल. या सर्वांच्या मधोमध, ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून, चपट्या डब्याएवढी एक पेटी बसलेली असते. तिला एका बाजूस चोवीस भोंकें आणि प्रत्येक भोंकावर एक बारीक हिरवा दिवा. तिला स्विच म्हणतात. घरांतील दिव्याच्या बटणालाहि आपण तेंच नांव देतों, पण या पेटीचें नातें त्या बटणाशीं नसून रेल्वेच्या सांध्याशीं आहे.

तुमसर रोड स्थानकावर मुंबई-हावडा लोहमार्गापासून तिरोडीकडे जाणारी शाखा फुटते. तेथें गाडी कोणत्या रुळावर जावयाची हें सांधा ठरवितो, आणि पूर्वीं तो सांधा ओढणारा माणूस सांधेवाला म्हणून ओळखला जाई. स्विच हा असाच सांधेवाला आहे. मात्र त्याच्या हाताखालून दर सेकंदाला लाखो गाड्या जातात. संगणकाकडून निघालेला मजकूर लहान लहान तुकड्यांनीं जातो. प्रत्येक तुकड्यावर, पत्राच्या पाकिटावर असतो तसा, पाठविणाराचा आणि घेणाराचा पत्ता असतो. हा पत्ता यंत्राला कारखान्यांतच चिकटविलेला असतो. तो ४८ द्विमान अंकांचा असून त्याचा पूर्वार्ध कारखानदाराचा आणि उत्तरार्ध त्या यंत्राचा असतो. स्विचला कोणता पत्ता कोणत्या भोंकावर आहे हें आरंभीं ठाऊक नसतें. तो तें शिकतो, आणि शिकण्याची त्याची रीति मोठी चतुर आहे. तुकडा आला कीं तो प्रथम पाठविणाराचा पत्ता वाचतो, आणि ‘हा गृहस्थ सातव्या दारानें आला, म्हणजे तो सातव्या दारापलीकडे राहतो’ अशी नोंद करतो. घेणाराचा पत्ता नोंदींत असेल तर तुकडा नेमका त्याच दारानें बाहेर जातो. नसेल तर सर्व दारांनीं पुकारा होतो. कांहीं काळ, बहुधा पांच मिनिटें, एखाद्याचा आवाज ऐकूं आला नाहीं तर त्याची नोंद पुसली जाते. गांवच्या पोस्टमनची स्मृति याहून दीर्घ असते, परंतु तत्त्व तेंच.

या युक्तीपूर्वीं सर्व संगणक एकाच तारेला लोंबकळत. रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत जी इथरनेट पद्धति काढली, तींत तार ही चावडीसारखी सामाईक होती: एकानें बोलावें, सर्वांनीं ऐकावें, दोघे एकदम बोलले तर दोघांनींहि थांबून पुन्हां बोलावें. माणसें वाढलीं कीं चावडींत गोंगाट होतो, तसें येथेंहि झालें. १९९० च्या सुमारास या गोंगाटावर तोडगा म्हणून पहिला व्यापारी इथरनेट स्विच ज्या कंपनीनें बाजारांत आणला तिचें नांव ‘कल्पना’ होतें. हा योगायोग नव्हे. तिच्या दोघां संस्थापकांपैकीं विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते, आणि त्यांनीं आपल्या पत्नीचें नांव कंपनीला दिलें होतें. १९९४ मध्यें सिस्को या मोठ्या कंपनीनें ती विकत घेतली आणि नांव लोपलें. पण आजहि जगांतील असंख्य कचेऱ्यांच्या भिंतीवर कल्पनेचीच संतति दिवे मिचकावीत बसलेली आहे.

आतां मुख्य विषय. या पेटीशीं माणसानें बोलावयाचें कसें? तिला पडदा नाहीं, कळफलक नाहीं. स्वस्त पेट्या तर मुक्याच असतात. त्यांना कांहीं विचारतां येत नाहीं आणि त्या कांहीं सांगतहि नाहींत. थोड्या अधिक किमतीची पेटी मात्र बोलकी असते, आणि तिची मूळ भाषा चित्रांची नसून शब्दांची आहे. तिच्या एका कोपऱ्यांत कन्सोल नांवाचें वेगळें भोंक असतें. संगणकापासून एक निराळी तार त्यांत खुपसली, अक्षरांचा वेग बहुधा सेकंदाला ९६०० अंश असा जुळविला, आणि एकदां एंटर दाबलें, कीं काळ्या पडद्यावर पेटीचें नांव उमटतें व त्यापुढें एक कोनाचें चिन्ह वाट पाहत उभें राहतें. तेथें आज्ञा लिहावयाची. यासच कमांड लाइन म्हणतात. ज्या काळांत रंगीत पडद्यावर चित्रें दाबून सर्व कामें होतात त्या काळांत ही टंकित शब्दांची पद्धति टिकून कां राहिली, असा प्रश्न साहजिक आहे. तिचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, शब्दांना फार थोडी वाट पुरते. जोडणी मरणपंथाला लागली असतां चित्रें येत नाहींत, पण अक्षरें कशीं तरी रांगत येतात. दुसरें असें कीं, आज्ञा लिहून ठेवतां येते, वाचून दाखवितां येते आणि टेलिफोनवरून सांगतां येते. ‘उजव्या कोपऱ्यांतील निळें चित्र दाबा’ हें वाक्य पुढच्या वर्षीं निरर्थक होतें. ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ हे तीन शब्द वीस वर्षांपूर्वीं चालत होते आणि आजहि चालतात.

पेटीच्या जवळ न जातां दुरूनहि तिच्याशीं असेंच बोलतां येतें. पूर्वीं त्यासाठीं टेलनेट नांवाची पद्धति वापरीत. तींत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जाई. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनीं १९९५ मध्यें एसएसएच ही बंद पाकिटाची पद्धति तयार केली, आणि शहाणे लोक तेव्हांपासून तीच वापरतात. सर्वच शहाणे नसतात, हा भाग निराळा.

पेटीच्या दरबारांत दोन पायऱ्या आहेत. कोनाचें चिन्ह दिसतें तोंपर्यंत केवळ पाहण्याची मुभा. ‘एनेबल’ म्हणून परवलीचा शब्द दिला कीं चिन्ह बदलून आडव्या-उभ्या रेघांची जाळी होते, आणि मग फेरफार करण्याचा अधिकार मिळतो. प्रत्यक्ष फेरफारासाठीं आणखी आंत, ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हणून जावें लागतें. नवख्या माणसाला एक सोय मोठी उपकारक वाटते: अडला तेथें केवळ प्रश्नचिन्ह लिहिलें तर पुढें कोणकोणते शब्द चालतील त्यांची यादी पेटी स्वतःच देते. शिष्याला असा गुरु सहसा मिळत नाहीं.

आतां बपेऱ्याची कल्पना करावी. ग्रामपंचायतीचा संगणक-परिचालक भंडाऱ्याच्या तंत्रज्ञाला टेलिफोन करतो. तंत्रज्ञानें पहिलें काम कोणतें करावयाचें? मोटार काढावयाची नव्हे. त्यानें आधीं गांवच्या पेटीला दुरून हांक मारून पाहावयाची. पेटीनें ओ दिली तर शेतांतला कांचेचा तंतु धड आहे आणि दोष खोलीच्या आंत आहे. ओ दिली नाहीं तर गांवच्या पेटीचा नाद सोडून, तिच्या अलीकडची, वाटेवरची पेटी गांठावयाची आणि बपेऱ्याकडे तोंड असलेल्या दाराची विचारपूस करावयाची. या एका प्रश्नानें एक दिवसाची निष्फळ खेप वांचते, आणि रांगेंतल्या माणसाला ‘थांबा’ म्हणावयाचें कीं ‘तुमसरला जाऊन काम करून घ्या’ म्हणावयाचें हें वेळेवर सांगतां येतें.

अलीकडच्या पेटीला जें विचारावयाचें तें म्हणजे प्रकाशाचें माप. कांचेच्या तंतूंतून प्रकाशच धांवतो, आणि तो पोंचतांना किती उरला हें पेटी सांगूं शकते. हें माप उण्या आंकड्यांत येतें. शून्य म्हणजे एक मिलिवॅट. दर दहा आंकडे खालीं गेलें कीं प्रकाश एकदशांश होतो. उणें दहा म्हणजे मिलिवॅटचा दहावा भाग, उणें वीस म्हणजे शंभरावा. आंकडा उणें चाळीसच्या आसपास आला तर बहुधा तंतु तुटलेला आहे, किंवा पलीकडील यंत्राची वीज गेली आहे. परंतु काल उणें आठ होता आणि आज उणें बावीस आहे, असें आढळलें तर तंतु तुटलेला नसून कोठें तरी मुरडला आहे किंवा जोडाच्या तोंडावर धूळ बसली आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे: ‘काल उणें आठ होता’ हें कोणी लिहून ठेवलें असेल तरच आजच्या बाविसाला अर्थ. चांगल्या दिवसाचें माप ज्याच्यापाशीं नाहीं त्याला वाईट दिवशीं यंत्र आंकडा देतें, उत्तर देत नाहीं.

समजा, गांवच्या पेटीनें ओ दिली, पण अडखळत. एक एक अक्षर उमटावयास दोन दोन सेकंद. मग टेलिफोनवरील संभाषण असें चालतें:

‘पेटीवरचे दिवे लागले आहेत काय, भाऊ?’

‘लागले आहेत जी. हिरवेच आहेत.’

‘लुकलुकतात काय?’

‘लय लुकलुकतात जी. सारेच संगं लुकलुकतात.’

अनुभवी तंत्रज्ञाला हें शेवटचें वाक्य ऐकूनच निदान सुचतें. निरोगी पेटीचे दिवे ज्याचे त्याच्या तालानें मिचकतात. सारेच एकदम, अविश्रांत मिचकूं लागले तर जाळ्यांत वेटोळें झालें आहे. तारेचें एक टोक भोंकांत असतांना, खोली झाडणाऱ्या कोणी तरी मोकळें दिसणारें दुसरें टोकहि, नीटनेटकेपणाच्या सद्बुद्धीनें, रिकाम्या भोंकांत खुपसून ठेवलें. सर्व दारांनीं निघालेला पुकारा त्या वेटोळ्यांतून परत आला, पुन्हां सर्व दारांनीं निघाला, पुन्हां आला. या पाकिटांवर, लांबच्या प्रवासाच्या पाकिटांवर असते तशी, ‘इतक्या मुक्कामांनंतर फाडून टाका’ अशी सूचना नसते. म्हणून तीं अनंत काळ फिरत राहतात आणि क्षणार्धांत सर्व वाट व्यापून टाकतात.

अशा वादळांत दुरून बोलणें व्यर्थ असतें. परिचालकाला कन्सोलची तार लावावयास सांगावयाचें आणि ‘शो लॉगिंग’ म्हणून पेटीची रोजनिशी वाचावयास सांगावयाचें. तींत ओळीमागून ओळ एकच तक्रार आढळते: अमुक पत्ता क्षणांत तिसऱ्या दारीं दिसतो, क्षणांत चोविसाव्या. एकच गृहस्थ दोन दारांनीं येतो, म्हणजे तिसऱ्या दारापलीकडे आरसा बसला आहे. मग तीन आज्ञा: कॉन्फिगर टर्मिनल, तिसऱ्या दाराचें नांव, शटडाउन. दार बंद होतें आणि वादळ त्याच क्षणीं शमतें. उतारे निघूं लागतात. तिसरी तार हातानें धरून तिच्या मागें मागें जावें, तर ती सभेच्या खोलींत टेबलाखालच्या एका मुक्या, स्वस्त पेटीपाशीं पोंचते, आणि तेथें तें वेटोळें सांपडतें. तें काढून ‘नो शटडाउन’ म्हटलें कीं दार पुन्हां उघडतें.

या वेटोळ्यांवर उपाय नाहीं असें नाहीं. राडिया पर्लमन या विदुषींनीं १९८५ मध्यें डिजिटल इक्विपमेंट कंपनींत असतांना एक रीति शोधली: सर्व पेट्यांनीं आपसांत निरोप धाडून एकीला मूळ मानावें, मुळापासून प्रत्येकीपर्यंत एकच वाट ठेवावी आणि बाकीच्या वाटा झोपवून ठेवाव्या, चालू वाट तुटली तर झोपलेली जागवावी. जाळ्याचें असें झाड होतें. झाडाला फांद्या असतात, वेटोळें नसतें. मात्र ही रीति कोणी बंद करून ठेवली असेल, किंवा मध्यें बसलेली स्वस्त पेटी ते निरोपच गिळून टाकीत असेल, तर तिचा उपयोग होत नाहीं. शिवाय तिलाहि मर्यादा आहे. बोस्टन शहरांतील बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचें जाळें वर्षानुवर्षें तुकडे जोडीत वाढविलें गेलें होतें. २००२ च्या नोव्हेंबरांत माहितीचा एक मोठा लोंढा आला, झाडाची ही व्यवस्था कोलमडली, आणि सुमारें चार दिवस डॉक्टर व परिचारिका कागदावर औषधें लिहूं लागले. ज्या तरुण डॉक्टरांनीं कागदी चिठ्ठी कधीं लिहिलीच नव्हती त्यांना ती शिकवावी लागली. तेथील अधिकाऱ्यांनीं हा सर्व प्रकार लपवून न ठेवतां इतरांच्या उपयोगासाठीं प्रसिद्ध केला, हें विशेष.

आपल्याकडे हा झाडाचा आणि कड्याचा प्रश्न दुसऱ्या रूपानें पुढें आला आहे. केंद्र सरकारनें २०११ च्या ऑक्टोबरांत देशांतील सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींना कांचेच्या तंतूनें जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. पहिल्या रचनेंत तालुक्याच्या बाजूनें निघालेला तंतु फांद्यांसारखा विभागत जाई, आणि फांदी तुटली कीं टोकाचें गांव मुकें होई. २०२३ च्या ऑगस्टमध्यें १,३९,५७९ कोटी रुपयांची जी सुधारित योजना मंजूर झाली तींत फांदीऐवजीं कडें करण्याचें ठरलें, म्हणजे एका अंगानें वाट तुटली तर माहिती उलट्या अंगानें येईल. ही सुधारणा चांगली आहे. परंतु कडें आलें कीं देखरेखहि अधिक लागते. कारण कडें एका ठिकाणीं तुटलें तर गांवाला कांहींच जाणवत नाहीं, सर्व सुरळीत चालतें, आणि दुसऱ्या ठिकाणीं तुटेपर्यंत पहिला तुटवडा तसाच राहतो. दिवा गेल्यावर जाग येणें सोपें. दिवा जळत असतांना तेल संपत आल्याचें कळावयास कोणी तरी पाहणारा हवा.

हें पाहण्याचें काम पेट्याच करूं शकतात. १९८८ पासून यासाठीं एसएनएमपी नांवाची एक ठराविक प्रश्नोत्तरांची पद्धति रूढ आहे. दूरचा एक संगणक दर पांच मिनिटांनीं प्रत्येक पेटीला विचारतो: तुझ्या कोणत्या दारानें किती माल गेला, किती तुकडे फाटके आले, अंगांत उष्णता किती? त्याचा आलेख निघतो. फाटक्या तुकड्यांचा आंकडा रोज दुपारीं वाढत असेल तर उन्हानें तापणारा एखादा जोड शोधावा. पावसाच्या दिवशींच वाढत असेल तर पाणी शिरणारा. शिवाय पेटी आपली रोजनिशी आपणहून त्या संगणकाकडे धाडीत राहते, म्हणजे पेटी विजेच्या धक्क्यानें जळाली तरी मरणापूर्वींचें तिचें निवेदन शिल्लक राहतें. या रोजनिशींत एक खोंच आहे. पेटीचें घड्याळ कोणी लावलेलें नसेल तर ती बहुधा जागतिक प्रमाणवेळ सांगते. सकाळीं साडेआठला तुटलेली जोडणी तींत पहाटे तीनला तुटलेली दिसते, आणि साडेआठला सडकेवर खोदणारें यंत्र आलें होतें या गोष्टीशीं तिचा मेळ कोणालाच बसत नाहीं. घड्याळ साडेपांच तासांनीं पुढें लावण्यास एक ओळ पुरते.

एवढी सत्ता एका ओळींत असेल तर धोकाहि एका ओळींतच असणार. एका मोठ्या वाटेवरून अनेक निरनिराळीं जाळीं, जसें पंचायतीचें एक, शाळेचें एक, दवाखान्याचें एक, वेगवेगळ्या क्रमांकांखालीं नेतां येतात. त्या वाटेवर आणखी एक क्रमांक वाढवावयाचा असतां आज्ञेंत ‘अ‍ॅड’ हा लहानसा शब्द घालावा लागतो. तो विसरला तर पेटी नवा क्रमांक घेते आणि जुने सर्व टाकून देते. ज्या क्रमांकावरून तंत्रज्ञ स्वतः बोलत असतो तोहि त्यांतच जातो. फांदीवर बसून फांदी तोडावी तसें होतें. पडद्यावर पुढचें अक्षर उमटत नाहीं, आणि मग भंडाऱ्याहून बपेऱ्यापर्यंत मोटार काढणें भाग पडतें. हा प्रमाद केवळ लहानांकडून घडतो असेंहि नाहीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक कंपनीच्या जाळ्यावर देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या माहिती-केंद्रांमधील मुख्य वाटा बंद पडल्या. अशी घातक आज्ञा रोखण्यासाठीं ठेवलेल्या तपासनीस आज्ञावलींतच दोष निघाला. सुमारें सहा तास व्हॉट्सअ‍ॅपसह सर्व कारभार थांबला. दुरून शिरण्याचे मार्गहि त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळें तंत्रज्ञांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावें लागलें.

जाणते लोक यासाठीं एक जुनी युक्ति वापरतात. पेटीची चालू व्यवस्था आणि जपून ठेवलेली व्यवस्था या दोन निराळ्या वस्तु आहेत. वीज जाऊन आली कीं पेटी जपून ठेवलेलीच मांडते. म्हणून धोक्याचा फेरफार करण्यापूर्वीं प्रथम ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा द्यावयाची: दहा मिनिटांनीं तूं आपण होऊन पुन्हां सुरू हो. मग फेरफार करावयाचा. चुकून आपणच बाहेर फेंकले गेलों तर स्वस्थ बसावें; दहा मिनिटांनीं पेटी जुन्या व्यवस्थेंत जागी होते आणि दार उघडें सांपडतें. फेरफार बरोबर ठरला तर ती आज्ञा रद्द करून नवी व्यवस्था जपून ठेवावयाची. हें जपून ठेवणें विसरणें हा दुसरा प्रसिद्ध प्रमाद. सर्व महिनाभर उत्तम चालतें, एके रात्रीं वीज जाते, आणि सकाळीं पेटी महिन्यापूर्वींचा जुना संसार मांडून बसलेली दिसते.

परवलीचा शब्द कोणापाशीं असावा हा प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणीं वाईट रीतीनें सोडविला जातो. कारखान्यांतून आलेला शब्द तसाच राहतो, म्हणजे तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. किंवा बसविणाऱ्या ठेकेदारानें नवा घातला आणि ठेका संपल्यावर तो आपल्याबरोबर नेला, म्हणजे तो कोणालाच ठाऊक नसतो. दुसऱ्या प्रकारांत पेटी चालू असेपर्यंत कोणाला कांहीं वाटत नाहीं. योग्य रीति अशी कीं, पाहण्याचा अधिकार गांवच्या परिचालकाला असावा आणि फेरफाराचा शब्द मोहोरबंद पाकिटांत कार्यालयाच्या कपाटांत असावा. प्रत्येकाचें नांव निराळें ठेवलें तर कोणी केव्हां काय आज्ञा दिली याचीहि नोंद ठेवतां येते. ‘परिचालकाला यांतलें काय कळतें?’ हा आक्षेप कचेऱ्यांतून वरचेवर ऐकूं येतो. ज्या माणसाला दहा प्रकारचे दाखले, पीकविम्याचे अर्ज आणि मुदतीच्या नोंदण्या बिनचूक करतां येतात त्याला चार प्रश्नार्थक आज्ञा शिकवावयास एक दुपार पुरेशी आहे. आणि केवळ पाहण्याच्या आज्ञांनीं पेटींत कांहींहि बदलत नाहीं.

सभेच्या खोलींतील वेटोळें निघाल्यावर आणखी दोन कामें उरतात. तिसऱ्या दाराला ‘डिस्क्रिप्शन’ या आज्ञेनें नांव द्यावयाचें, म्हणजे पुढच्या वेळीं यादींत नुसता तीनचा आंकडा न दिसतां ‘सभागृह, टेबलाखालची पेटी’ असें दिसेल. बहुतेक पेट्यांना देवनागरी अक्षरें उमगत नसल्यामुळें हें नांव रोमन लिपींत घालावें लागतें. मग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ म्हणून सर्व जपून ठेवावयाचें. चोवीस दारांचीं नांवें, आजचें प्रकाशाचें माप आणि तारीख एका कागदावर, अर्थात् मराठींत, लिहून तो पेटीच्या बाजूला चिकटवावा, आणि कन्सोलची तार तेथेंच एका खिळ्याला टांगून ठेवावी.